आधी मागचं धर

उद्या दुपारी तू पहिल्यांदा एकटा माळावरच्या उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली खाली आणणार. टोळी परवाच वर गेली, कोयते लागलेत, आणि मुकादमाचा निरोप आहे की जेवणवेळेपर्यंत ट्रॉली भरून होईल. मी बरोबर येणार नाही. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकाच माणसाची असते. मडगार्डवर बसलेला माणूस धक्क्यानं घसरला तर थेट मोठ्या चाकाखाली जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून जे सांगायचं ते आज रात्री ओसरीवर बसूनच सांगतो. तू फक्त ऐक, अडेल तिथं विचार.

यातलं मूळ माझं नाही, तात्यांचं आहे, म्हणजे तुझ्या पणजोबांचं. आणि तात्या ते ट्रॅक्टरवर शिकले नव्हते, बैलगाडीवर शिकले होते. आपली जुनी गाडी लाकडी चाकांची, चाकाला लोखंडी धाव. मागच्या बाजूला आडवं लाकूड बांधलेलं असायचं आणि त्याचा दोर पुढं गाडीवानाच्या हाताशी. दोर आवळला की लाकडाचे ठोकळे धावेवर घासायचे. उतार लागायच्या आधी तात्या दोर आवळायचे. उताराला लागल्यावर नाही, आधी. मी लहान होतो, मला वाटायचं की गाडी अजून पळत नाहीये तर एवढी घाई कशाला. एकदा विचारलं, तर त्यांनी गाडी थांबवली आणि मला बैलाच्या मानेवर हात ठेवायला लावला. उताराला गाडी पुढं लोटते, जू शिंगांकडं सरकतं, बैल पाय रोवून मागं रेटा देतो आणि सगळा बोजा त्याच्या मानेवर येतो. तात्या म्हणाले, उतार बैलाच्या मानेवर येऊ द्यायचा नाही, तो चाकानं धरायचा. बैलाचा पाय एकदा सुटला की मग दोर आवळून काही होत नाही, गाडी बैलाच्या अंगावर आलेली असते.

आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आहे. बाकी काही बदललं नाही.

तुझ्या ताईनं गेल्या सुट्टीत मला यातलं गणित करून दाखवलं. दहा फूट पुढं गेल्यावर एक फूट खाली जाणारा उतार असेल, तर मागच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तुला पुढं ढकलत असतो. उसासकट ट्रॉली १० टनांची धर. म्हणजे एक टन. माळावरून खाली येणाऱ्या आपल्या पाणंदीच्या वरच्या तोंडाला तर सहा फुटांत एक फूट उतार आहे, तिथं दीड टनाहून जास्त. त्यातलं थोडं चाकं मातीत रुतण्यात जिरतं, पण थोडंच. आणि आपला ५० एचपीचा ट्रॅक्टर स्वतः भरतो दोन टनांच्या आसपास. त्याचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. खाली सुटा मुरूम. दोन टनांचं जनावर मोकळ्या खड्यांवर पाय रोवून दहा टनांना थोपवणार कसं? ब्रेक कितीही चांगले असोत. चाक गच्च धरेल, पण धरलेलं चाकच खड्यांवरून घसरत जाईल.

ट्रॅक्टर घसरत सरळ गेला असता तरी एक वेळ चाललं असतं. तो सरळ जात नाही. ट्रॉली आणि ट्रॅक्टर हुकावर जोडलेत, आणि हूक हा सांधा आहे. हाताचा कोपर असतो तसा. ओढताना सांधा सरळ राहतो, ढकलताना वाकतो. ट्रॉली मागून रेटते, ट्रॅक्टरचं ढुंगण एका अंगाला जातं, आणि जितकं ते वाकडं होतं तितकं ट्रॉलीचं ढकलणं आणखी आडवं लागू होतं. मग पाहता पाहता दोघांची कात्री होते, ट्रॉलीची दांडी मोठ्या चाकाला भिडते आणि ट्रॅक्टर कुशीवर पडतो. हे सगळं तू दोनदा श्वास घेशील तेवढ्यात. म्हणून सांधा कायम ताणलेला राहिला पाहिजे. उतरतानासुद्धा ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतोय, ट्रॉली मागं अडून बसलीय, असं वाटलं पाहिजे. यासाठी दोन वर्षांमागं आपण ट्रॉलीला ब्रेक बसवले. तेव्हा गावात बऱ्याच जणांनी विचारलं की ट्रॅक्टरला ब्रेक असताना ट्रॉलीला कशाला हवेत. मी त्यांना हेच सांगितलं होतं, जे आता तुला सांगतोय.

सीटच्या उजवीकडचा तो लीव्हर फक्त ट्रॉलीचा आहे. पायाखालचे ब्रेक ट्रॅक्टरचे. हे दोन वेगळे ठेवले ते मुद्दाम. उताराला आधी हात, मग पाय. बहुतेक वेळा पाय लागतच नाही. लीव्हर जेवढा ओढशील तेवढं तेल नळीतून ट्रॉलीच्या सिलिंडरला जातं आणि ड्रममधले लायनर तेवढे दाबले जातात. एका झटक्यात ओढायचा नाही. पाणंदीचं तोंड दहा-बारा पावलांवर असतानाच, सपाटीवर, थोडा ओढ. ट्रॉलीनं मागून धरल्याचं तुला सीटवर कळेल, इंजिनाचा आवाज जरा जड होईल. तेवढं धरून तोंडाला लाग. मग उतार वाढेल तसा बोटभर ओढत जा, कमी होईल तसा सोडत ये.

किती ओढायचा याचं माप आकड्यात नाही. आरशात ट्रॉलीचं चाक बघ. ते फिरत असलं पाहिजे. फिरणारं चाक धरतं आणि वाटही सोडत नाही. थांबलेलं चाक म्हणजे घसरगाडीची पट्टी, ती जिकडं उतार तिकडं जाते. आपल्या पाणंदीचा कल डावीकडं, ओढ्याकडं आहे. ट्रॉलीची चाकं थांबली तर मागचा भाग ओढ्याकडंच जाणार. चाक थांबलेलं दिसलं किंवा मुरमावर खरवडल्याचा आवाज आला, की लीव्हर जरासा ढिला कर, चाक फिरू दे, परत ओढ. आणि हे लक्षात ठेव की रिकामी ट्रॉली फार लवकर चाकं धरते. भरल्या ट्रॉलीला जेवढा लीव्हर लागतो तेवढा रिकामीला ओढलास तर ती फरफटत येईल. मी नवा होतो तेव्हा मला वाटायचं की रिकामी ट्रॉली म्हणजे निवांत. तसं नसतं, हात बदलावा लागतो.

अजून एक. या लीव्हरला दाब मिळतो तो ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपाचा, आणि पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद पडलं की लीव्हरमागचा जोर गेला. पायाचे ब्रेक तेवढे राहतात. म्हणून उतारावर इंजिन बंद पडू द्यायचं नाही, आणि गाडी चालती असताना काहीही झालं तरी ते आपण होऊन बंद करायचं नाही. घाबरलेला माणूस किल्लीकडं हात नेतो. तू नेऊ नकोस.

खालच्या वाडीत काही ट्रॉल्यांना दुसऱ्या जातीचे ब्रेक आहेत, ढकलीवर लागणारे. त्यांत हुकाजवळचा तुकडा आतबाहेर सरकतो. ट्रॉली पुढं रेटायला लागली की तो दाबला जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. डांबरी रस्त्यावर ते बरे. पण त्यांना लागण्यासाठी आधी ट्रॉलीनं ढकलावं लागतं, म्हणजे मानेवर बोजा आल्याशिवाय ते जागेच होत नाहीत. उभ्या लांब उतारावर ते पूर्ण वेळ लागून राहतात आणि तापतात, सोडवायला तुझ्या हातात काही नसतं. चढावर थोडं मागं घ्यायचं म्हटलं तरी तेच ब्रेक अडवतात, त्यासाठी वेगळी कडी लावावी लागते. कुणाची ट्रॉली उसनी आणलीस तर आधी बघ, तिला कोणते ब्रेक आहेत. नसतीलच, तर भरून ती पाणंद उतरायची नाही. वरच्या शिवेवरून डांबरीचा वळसा घाल. पाऊण तास जास्त लागतो, लागू दे.

तुझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात गाडीमागं राहुटीचा ट्रेलर लावून रानात जातो. त्याच्याकडं विजेचे ब्रेक आहेत, डॅशबोर्डवर एक बटण असतं, ते दाबलं की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. उभ्या उतारावर तोही तेच करतो, मागचं आधी धरतो. तिकडं कायदा असा की ट्रेलरचं वजन ७५० किलोच्या वर गेलं की ब्रेक पाहिजेतच, आणि २ टनांच्या वर गेलं की सगळ्या चाकांना हवेत, शिवाय ट्रेलर तुटून सुटला तर आपोआप लागतील असे. व्हिडिओ कॉलवर त्याचं ऐकलं आणि मला तात्यांचा तो दोर आठवला.

आता गिअर. तात्यांनी पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा ज्यांनी चालवायला शिकवलं त्यांचं वाक्य होतं, ज्या गिअरमध्ये भरून चढशील त्याच गिअरमध्ये भरून उतर. आपल्या पाणंदीला लो मध्ये दुसरा. तोंडाला मुरूम ओला असेल तर लो मध्ये पहिला. हा गिअर सपाटीवर टाकायचा, थांबून, नीट बसलाय याची खात्री करून. हाताचा थ्रॉटल पूर्ण खाली. मग पायथ्यापर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. पाय क्लचवर नुसता टेकवूनही ठेवायचा नाही, खाली पाटीवर ठेव. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं सुटी होतात, इंजिनानं धरलेला सगळा जोर एका क्षणात जातो, आणि ट्रॉलीला तेवढंच हवं असतं.

उतारावर मध्येच गिअर बदलायचा नाही. आपल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गाडीसारखा नाही, चालत्या वेगात दात जुळत नाहीत. एकदा न्यूट्रलला आला की परत पडत नाही, नुसता करकरतो. हे मी ऐकीव सांगत नाही. तेवीस वर्षांचा होतो. डिझेल वाचतं म्हणून त्या काळी बरेच जण उताराला न्यूट्रल करायचे, मीही करायचो. त्या दिवशी ट्रॉलीत शेणखत होतं, ऊससुद्धा नव्हता. पाणंदीच्या मध्यावर वेग वाढला, मी घाबरून तिसरा टाकायला गेलो, पडेना. ब्रेक दाबले, मागची चाकं धरली आणि ट्रॅक्टर आडवा व्हायला लागला. उजवीकडचा उंच बांध होता म्हणून ट्रॅक्टरचं तोंड त्यात घुसलं. दांडीनं मडगार्ड फाडून आत घेतलं. माझा पाय त्या जागेपासून वीतभर लांब होता. तात्या आले, त्यांनी ट्रॅक्टरकडं पाहिलंच नाही, माझा पाय चाचपून पाहिला. नंतर आठ दिवस मला ट्रॅक्टरला हात लावू दिला नाही, रोज संध्याकाळी मला घेऊन ती पाणंद पायी उतरायचे. कुठं मुरूम सुटा आहे, कुठं खडक वर आलाय, कुठं पाणी झिरपतं, हे बोटानं दाखवायचे. त्या वेळी मला ती शिक्षा वाटली. आज तुला सांगतोय ते सगळं त्या आठ संध्याकाळचं आहे.

म्हणून उद्या ट्रॉली भरायच्या आधी तूही एकदा पायी उतर. परवा टोळीच्या गाड्या तिथून गेल्यात, चाकोऱ्या बदलल्या असतील. वाटेत पाचट पडलं असेल तर पायानं बाजूला कर. वाळलेलं पाचट चाकाखाली आलं की चाक त्याच्यावरून सरकतं, आणि ते निरुपद्रवी दिसतं म्हणून कुणी उचलत नाही. सकाळी दवानं गवताची कड निसरडी असते, मधली खडीची पट्टी धर. खोऱ्यातली तांबडी माती भिजली की साबणासारखी होते. रात्री अवकाळी सर पडलीच तर उद्या ऊस वरच राहू दे. कारखान्याची पाळी चुकली तर मुकादम बोलेल, मी त्याच्याशी बोलतो. ते काम माझं.

उतरताना ट्रॅक्टरचं तोंड उताराच्या सरळ रेषेत ठेव. आडवं कापत जायचा मोह होतो, उतार कमी वाटतो म्हणून. पण उसाची ट्रॉली उंच असते, तिचा भार वर असतो, आडव्या कलावर ती कधी एका चाकावर येते ते कळत नाही. चिंचेजवळच्या वळणाला वेग वळणाच्या आधी मोडायचा. वळणात शिरल्यावर पायाचा ब्रेक लावायचा नाही, त्या वेळी सांधा आधीच वाकलेला असतो.

पायाच्या ब्रेकचंही ऐक. दोन पेडल आहेत, डावं आणि उजवं, आणि त्यांना जोडणारी कडी आहे. शेतात नांगरताना टोकाला एका चाकावर वळायला आपण ती कडी काढतो. ट्रॉली लावली की कडी घालायचीच. ती नसेल आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. मागून दहा टन येत असताना फिरणं म्हणजे काय होईल ते मी आधी सांगितलंच. परवा तू नांगरट केलीस, कडी काढलेली असणार. आत्ताच जाऊन बघून ये म्हटलं असतं, पण सकाळी उजेडात बघ. पुढच्या चाकांचा गिअरही टाक, फोर व्हील. लोकांना वाटतं की तो फक्त चिखलातून ओढण्यासाठी असतो. तो टाकला की इंजिनानं धरलेला जोर चारही चाकांत वाटला जातो, आणि पायाचा ब्रेक लावलास तरी पुढची चाकं त्यात सामील होतात. डिफरन्शियल लॉकला मात्र उतारावर हात लावू नकोस, त्यानं ट्रॅक्टर वळायला ऐकत नाही.

एवढं करूनही कधी तरी घसरण होते. तेव्हा जे करायचं ते मनाविरुद्ध असतं, म्हणून ते आधीच मनात बसव. गिअरमध्ये असूनही ट्रॅक्टरची मागची चाकं थांबून घसरायला लागली, तर पायाचा ब्रेक सोड आणि थ्रॉटल अगदी थोडा वाढव. हो, वाढव. जमीन ज्या वेगानं मागं पळतेय त्या वेगानं चाक फिरायला लागलं की त्याला परत पकड मिळते आणि स्टिअरिंग ऐकायला लागतं. त्याच वेळी हातानं ट्रॉलीचा लीव्हर ओढ. पुढचं जरा पुढं गेलं, मागचं अडलं, की सांधा ताणला जातो आणि वाकडी झालेली जोडी सरळ होते. दोरी दोन टोकांनी ओढल्यावर सरळ होते तशी. पायाचा ब्रेक दाबून धरलास तर नेमकं उलट होतं. तुझं अंग सांगेल ब्रेक दाब. अंगाचं ऐकू नकोस. हे मी तुला रविवारी खळ्याच्या उतारावर रिकाम्या ट्रॉलीनं तीनदा करायला लावलं ते याचसाठी.

आणि काहीच जमलं नाही, ट्रॉली सुटलीच, तर तोंड उजवीकडं बांधात घाल. ओढ्याकडं कधीच नाही. ट्रॅक्टरचं नुकसान होईल. होऊ दे.

ताईच्या गणितातला दुसरा भाग मला फार पटला. वरपासून पायथ्यापर्यंत आपला माळ साधारण ३० मीटर उंच आहे. १० टन बोजा तेवढा खाली उतरवताना जो जोर कुठं तरी जिरवावा लागतो, त्याची उष्णता केली तर नऊ लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. हळू उतर नाही तर जोरात, उष्णता तेवढीच. फरक एवढाच की हळू उतरलास तर बराच भाग इंजिन घेतं आणि ड्रमला निवायला वेळ मिळतो. जोरात उतरलास तर सगळं त्या लायनरवर जातं. तापलेले लायनर गुळगुळीत होतात, धरत नाहीत, जळक्या वासानं कळतं. तो वास आला तर चिंचेजवळ सपाट तुकडा आहे, तिथं थांब आणि निवू दे. पाणी ओतायचं नाही, तापलेला ड्रम तडकतो. पावसाळ्यात ओढा ओलांडून आलं की उलटं होतं, ड्रममध्ये पाणी गेल्यानं लायनर ओले असतात. तेव्हा सपाटीवर लीव्हर हलका ओढून शंभर पावलं चालवायचं, म्हणजे ते वाळतात.

भरताना टोळीजवळ उभा राहा. तोडणारी माणसं सोयीनं मोळ्या टाकतात, त्यांचा दोष नाही, त्यांना उताराची काळजी नसते. बैलगाडी उलार झाली की जू वर उचललं जातं, तसंच दोन चाकी ट्रॉलीचं. मागं जास्त भरली तर दांडी हुकाला वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, ज्यांच्या जोरावर तू धरणार तीच. पुढच्या अंगाला थोडं जास्त भरायला सांग. फार नको, नाही तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. दोर दोन ठिकाणी आडवे आणि एक उभा, मोळ्या पुढं सरकायला जागा ठेवू नकोस. डबल ट्रॉली या पाणंदीनं आणायचीच नाही, मागची पुढचीला ढकलते आणि दोन सांधे सांभाळणं कुणाच्या हातचं नाही. एकेक खाली आण, पायथ्याला जोड.

निघायच्या आधीची तपासणी थोडक्यात. हुकाची पिन आरपार आणि तिला खालून स्प्रिंगची क्लिप. वाकवलेला खिळा नाही. साखळी घातलेली. हायड्रॉलिकची नळी वळणाला पुरेल एवढी सैल, पण जमिनीला लागणार नाही अशी. कपलरचं तोंड फडक्यानं पूस, धूळ आत गेली की सिलिंडर खराब होतो. टायरमध्ये हवा दोन्हीकडं सारखी. मग फडातच, सपाटीवर, लो मध्ये चालवत फक्त लीव्हर ओढून बघ. ट्रॉली मागून सरळ धरते का एका अंगाला ओढते, हे तिथंच कळतं.

स्पीकर बंद ठेव. हंगामात सगळे लावतात हे मला माहीत आहे. आत्तापर्यंत सांगितलेलं निम्मं काम कानानं होतं. पिनेचा खडखडाट आला तर सांधा ढिला पडलाय, ट्रॉली ढकलायला लागली. ताणलेला सांधा आवाज करत नाही.

वाटेत थांबावं लागलं तर नुसता हँडब्रेक ओढून उतरू नकोस. इंजिन बंद, रिव्हर्स गिअर, मग दोन्ही ठोकळे ट्रॉलीच्या चाकांपुढं. ठोकळे टूलबॉक्सशेजारी बांधलेत. ठोकळा सापडला नाही म्हणून दगड लावलास तर निघताना तो उचलून कडेला टाक. रस्त्यात राहिलेल्या दगडावर रात्री मोटरसायकल जाते. आपल्याच शिवेत असा एक मुलगा गेला, दरवर्षी त्या जागेवरून जाताना मला ते आठवतं.

पायथ्याला डांबरी लागायच्या आधी मोकळी जागा आहे. तिथं थांब, ठोकळे लाव, खाली उतर. ट्रॉलीच्या दोन्ही ड्रमजवळ हाताची पाठ धर, टेकवायची नाही, नुसती जवळ. ऊब दोन्हीकडं सारखी लागली तर मागचे रिफ्लेक्टर पुसून कारखान्याकडं निघ. एक ड्रम गरम आणि एक गार असेल तर गार असलेला धरत नाहीये. तशी गाडी सपाटीनं हळू नेऊन कारखान्याच्या गव्हाणीवर रिकामी कर, आणि दुसरी खेप न करता घरी आण. परवा सकाळी आपण दोघं मिळून ते चाक खोलू.